खालून चौथी ओळ

भिंतीवर बारा शब्दांची जागा होती. परदेशात कामावर असताना गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं परराष्ट्र खात्याच्या मुख्य कचेरीत, आत शिरल्याबरोबर दिसेल अशा दगडी भिंतीवर कोरतात. नावाखाली त्या माणसाच्याच तोंडचं एक वाक्य, बारा शब्दांच्या आत, घरच्यांनी सुचवायचं असतं. धाकट्या भावजयीने, गेलेल्या छोट्याच्या बायकोने, ते सुचवून टाकलं. कोणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. ताईला ते कळलं मधल्या भावाकडून, आणि तेही तिने पाठदुखीच्या गोळ्यांसाठी त्याच्या औषधांच्या दुकानात फोन केला म्हणून.

मधल्याने वाक्य वाचून दाखवलं. 'दार वाजलं की उघडायचं. कोण आहे, ते नंतर विचारायचं.' वर म्हणाला, छान आहे ना, आपला छोट्या बोलायचाच छान. ताईने विचारलं, कुठल्या भाषणातलं आहे? तर सहा वर्षांपूर्वी तिकडे कचेरीची नवी इमारत झाली, तिच्या उद्घाटनाच्या भाषणातलं. ताईने गोळ्यांचं नाव सांगितलं, फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिली. ते भाषण तिने लिहिलं होतं.

आता हे इतकी वर्षं घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ताई एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होती. हातात लाल पेन असायचंच, म्हणून घरातली पोरं तिला मागे 'लाल पेन' म्हणायची, आणि तिला ते माहीत होतं. छोट्या खात्यात लागला त्या वर्षी त्याने पहिलं भाषण तिच्याकडे धाडलं. जरा नजर टाक, एवढंच लिहिलं होतं. तिने नजर टाकली आणि निम्मं भाषण नव्याने लिहून परत पाठवलं. पुढे तेच चालू राहिलं. तो मुद्दे पाठवायचा, कच्चंपक्कं काहीतरी जोडायचा. ही ते बसवायची, खोडायची, घासायची, आणि परत पाठवण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवायची. सव्वीस वर्षं. हे आपल्या दोघांतच राहू दे ताई, असं तो एकदा म्हणाला होता, आणि तिलाही तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता.

तो होता तोवर ठीक होतं. तो गेला आणि दुखवट्याची पत्रं आली. त्या परक्या शहरात गोळीबार सुरू झाला, तेव्हा आपल्या देशाचे अडकलेले लोक कचेरीच्या फाटकाशी येऊन थडकले. आधी कागदपत्रं बघा, मग आत घ्या, असा वरून हुकूम होता. छोट्याने फाटक उघडायला लावलं आणि कागदपत्रं मागाहून बघितली. साडेतीनशे माणसं अकरा दिवस कचेरीत राहिली, आणि बाराव्या दिवशी सकाळी शेवटची बस सुटल्यावर हा व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. आलेल्या पत्रांत त्याच्या धैर्याबद्दल दोन ओळी असायच्या आणि भाषेबद्दल चार. एका वर्तमानपत्राने तर 'शब्दांचा धनी' म्हणून लेख छापला. ताईने तो चौदा वेळा वाचला आणि त्यात मुद्रणाच्या तीन चुका काढल्या. पोटातलं दुखणं काही त्याने कमी झालं नाही. तिला हेवा वाटत होता. मेलेल्या भावाचा हेवा वाटतो म्हणून स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की हेवा सरकून भावजयीवर जाऊन बसायचा. तिथे तो मस्त रुजला होता.

म्हणून रविवारी सकाळी ती भावजयीच्या घरी निघाली ती निळी फाईल पिशवीत घालूनच. खात्याची अधिकारी बारा वाजता संमतिपत्र न्यायला येणार होती. त्यावर दोन सह्या लागत होत्या: एक पत्नीची, दुसरी हयात भावंडांतल्या थोरल्याची. थोरली ताई. तिच्या सहीवाचून दगडावर एक अक्षर चढणार नव्हतं, आणि ती सही फुकटात द्यायचा तिचा विचार नव्हता.

भावजयीचं घर चौथ्या मजल्यावर. दिवाणखाना कसला, प्रदर्शनच ते: सात देशांतले गालिचे, सात देशांतल्या सुरया, आणि एकीवरही धूळ नाही. कोपऱ्यात त्याची लोखंडी पेटी, तिकडून सीलबंद आलेली. वर्ष होत आलं, तरी ती अजून दिवाणखान्यातच. मधला भाऊ आधीच येऊन बसला होता. काकाही आले होते, ताईच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याऐंशी, एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने सोयीपुरतं. दाराला साखळी लावलेली पाहून ते आल्या आल्या भावजयीला म्हणाले होते म्हणे, की तू तुझ्या सासऱ्याच्या वळणावर गेलीस, तोही संध्याकाळी सातला कडी घालायचा आणि मग देव आला तरी उघडायचा नाही.

ताई टेकते न टेकते तोच बेल वाजली. ती उठली, साखळी काढली, दार उघडलं. भाची होती, छोट्याची मुलगी, दूध घेऊन आलेली.

"ताई, तुम्ही बसा हो," भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली. "आहे ना मी दार उघडायला."

बोलणं गोड होतं, पण 'हे घर माझं आहे' हे त्यात बरोबर ऐकू आलं. ताई बसली. ही तिची खोड जुनीच. दुसऱ्याच्या घरीसुद्धा बेल वाजली की हीच आधी उठायची.

चहा आला, आणि बोलणं खुर्च्यांकडे वळलं. भिंतीवरच्या नावाचा पडदा उघडायच्या समारंभात पहिल्या रांगेत घरच्यांसाठी चार खुर्च्या होत्या. भावजयीची एक, मुलीची एक. काकांना गर्दीचा त्रास म्हणून ते येणार नव्हते, तेव्हा उरल्या दोन. मधला काल फोनवर ताईला म्हणाला होता, तू काळजी करू नकोस, वाक्याबद्दल मी बोलतो तिच्याशी, असं परस्पर करणं बरं नाही. आता भावजय त्याच्या बशीत बिस्किटं ठेवत म्हणाली, की भावोजी, तुम्ही दुसऱ्या खुर्चीवर, माझ्या शेजारी. मंत्री आले की त्यांच्याशी दोन शब्द बोलायला कोणीतरी पुरुष माणूस हवंच. मधल्याचा चेहरा असा खुलला, की दुकानाचं उद्घाटनच पुन्हा व्हावं. वाक्य फारच समर्पक निवडलंय, म्हणाला. ताईकडे बघायचं त्याने टाळलं.

"आणि चौथी खुर्ची?" ताईने विचारलं.

"तुमचीच की," भावजय म्हणाली. "कडेची आहे, पण पंखा आहे तिथे."

झालं. पंखा आहे म्हणे. ताईने कप खाली ठेवला. मनात सात वेळा घोकलेलं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच, थेट.

"मी सही करीन. पण समारंभाची पुस्तिका निघणार आहे, तीत एक ओळ यायला हवी. त्याची भाषणं त्याची बहीण लिहीत असे. मी लिहीत असे. हे वाक्यसुद्धा माझं आहे."

मधल्याचं बिस्किट चहात पडलं. ते चमच्याने काढता काढता तो म्हणाला, की अगं, एखाददुसरा शब्द सुधारला असशील, ते कोणीही करतं, मीसुद्धा एकदा त्याला औषधाचं नाव सांगितलं होतं. भाचीने मात्र मान वर केली. वडील गेल्यापासून पोरगी कमी बोलायची, आणि बोलली की नेमकं बोलायची.

"खरंच, आत्या? सगळी?"

"सव्वीस वर्षांतली सगळी."

"बाबा कधी बोलले नाहीत."

"तेच तर," ताई म्हणाली. "पुरावा आहे माझ्याकडे."

आरडाओरडा होईल, रडारड होईल, अशी तयारी ताईने ठेवली होती. पण भावजय रिकाम्या कपांत कप घालत राहिली.

ताईने पिशवीतून फाईल काढली. दर वर्षाला एक रंगीत कागद, त्यावर तारीख, भाषणाचा प्रसंग, पानं किती, छापखान्याची शिस्त. उद्घाटनाचं भाषण सापडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. भाची सरकून जवळ येऊन बसली. पहिलं पान ताईने तिला कौतुकाने दाखवलं: छोट्याच्या टाइप केलेल्या ओळी आणि त्यांवर हिच्या पेनाचं जंगल, झेरॉक्समध्ये काळं झालेलं. भाचीने बोट फिरवलं. खरंच की आत्या, म्हणाली. त्या तीन शब्दांनी ताईला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. वर्षभर हेच तर हवं होतं तिला, कोणीतरी बघून एवढं म्हणायला हवं होतं.

मग तिने पान उलटलं. दुसरं, तिसरं. शेवटच्या पानावर वाक्य होतं.

खालून चौथी ओळ. दार वाजलं की उघडायचं; कोण आहे, ते नंतर विचारायचं. तिने लिहिलेलं नव्हतं ते. छोट्याच्या टाइपातच होतं, आणि त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या पेनाची रेघ गेलेली होती. समासात तिचंच अक्षर: 'घरगुती. राजदूताच्या तोंडी शोभत नाही. काढ.'

आधी तिला वाटलं, पान चुकलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. वाक्य फोनवर ऐकल्याबरोबर हे आपलं आहे असं इतकं पक्कं का वाटलं, हे तिला काही केल्या कळेना.

भाची पुढे वाकली. ताईने पान पालथं केलं.

"सापडत नाहीये," ती म्हणाली. "ते एक पान नेमकं राहिलंय घरी."

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरणारी बाई, आणि खोटं बोलली तर असं, शाळेतल्या पोरासारखं. मधल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. जाऊ दे ना ताई, म्हणाला, कोणाचं का असेना, घरातलंच आहे. काका कानाशी हात धरून विचारत होते, काय हरवलंय.

भावजय उठली. कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेली, खाली बसली आणि झाकण उघडलं. कुलूप नव्हतंच; म्हणजे सील कधीचं निघालेलं होतं. वरच्यावर ठेवलेलं एक पाकीट तिने काढलं आणि त्यातून चार पानं टेबलावर ठेवली. झेरॉक्स नव्हती, मूळची. लाल शाई अजून तशीच तांबडीलाल.

"शेवटचं पान," भावजय म्हणाली. "खालून चौथी ओळ. मला पाठ आहे, ताई."

त्या पानावर लाल रेघ होती, समासातला शेरा होता, आणि शेऱ्याखाली एक गोष्ट होती जी ताईच्या प्रतीत असणं शक्य नव्हतं, कारण ती नंतरची होती. पेन्सिलीने, छोट्याच्या बारीक अक्षरात: 'ठेवतोय. ताईला सांगायचं नाही.'

"तू कधी बघितलंस हे?" ताईने विचारलं.

"पेटी आली त्याच आठवड्यात. सगळी पाकिटं बघितली. भाषणं तुम्ही लिहिता हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे." भावजयीचा आवाज चढला नाही, पण हाताने टेबलाची कडा घट्ट धरलेली होती. "सव्वीस वर्षं तुमचं पाकीट यायचं. जेवण टाकून उठायचे. मी काही सुचवलं की हसून म्हणायचे, ताईला विचारतो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माझ्याबद्दल चार वाक्यं बोलले सगळ्यांसमोर. तीही तुमचीच होती ना?"

ताईला आठवलं. होती. चारही.

"म्हणून मी सगळी पानं चाळली," भावजय म्हणाली. "तुमचा हात न लागलेलं एक तरी वाक्य मिळतंय का बघायला. हे एकच मिळालं. तुम्ही काढलेलं, त्यांनी ठेवलेलं, आणि तुमच्यापासून लपवलेलं. म्हणून हेच निवडलं. त्यांच्या नावाखाली त्यांचं वाक्य असू दे. त्यात तुम्ही नकोत."

इतकं उघड कोणी बोलेल असं ताईला वाटलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. पण तिला वाटलं ते वेगळंच: म्हणजे इतकी वर्षं हीसुद्धा. आपण इथे पत्रांतली भाषेची स्तुती मोजत बसलो होतो, आणि ही तिथे आपली पाकिटं मोजत होती. मनाचा एक कोपरा खूशही झाला, हे खोटं कशाला सांगा. आपलाही कोणी हेवा केला, तेवढाच आनंद.

भाची आईकडे बघत होती. मधला पुन्हा हलला. वारा कुठला हे त्याला आता कळेनासं झालं होतं.

"अरे, पण वाक्य काय आहे ते मला कोणी सांगेल का," काका वैतागून म्हणाले. "मघापासून नुसती तोंडं हलताहेत."

भाची उठून त्यांच्या चांगल्या कानाशी गेली आणि एकेक शब्द मोठ्याने, सावकाश म्हणाली.

काकांनी ऐकलं. मग हसले.

"हे होय," म्हणाले. "हे तर हिचं," आणि बोट ताईकडे केलं. "तेरा वर्षांची असेल. तुझ्या आजोबांनी, म्हणजे आमच्या दादाने, सातला कडी घातलेली. दार वाजलं, हिने उघडलं. बाहेर कोणीतरी तारखात्यातला माणूस, खांबावरून पडलेला, डोकं फुटलेलं, सगळीकडे रक्त. दादाने हिच्या एक ठेवून दिली, न विचारता दार उघडलंस कसं म्हणून. तर गाल धरून उभी राहिली आणि म्हणते कशी, दार वाजलं की उघडायचं, कोण आहे ते नंतर विचारायचं. मी तिथेच होतो. छोट्या हिच्या फ्रॉकला धरून उभा, एवढासा."

भाचीने वळून आत्याकडे बघितलं.

ताईला गाल आठवला. आधी गाल, मग तो माणूस पाणी पिताना ओट्यावर टेकलेला, मग मागून फ्रॉक ओढणारी मूठ. आपण काय बोललो ते मात्र ती पार विसरली होती. विसरली नसती, तर त्यावर 'घरगुती' असा शेरा मारून रेघ ओढली असती का? आणि तो विसरला नव्हता. अख्ख्या भाषणात तेवढंच एक त्याने हिला न विचारता ठेवलं, हिला कळू नये अशा बेताने, कारण कळलं असतं तर हिने ते राहू दिलं नसतं. पुढे फाटकाशी उभा राहून त्याने तसंच केलंही.

तिने मान वर केली, तर भावजय तिच्याकडेच बघत होती. तोंडावरचा रंग उतरलेला. सव्वीस वर्षांच्या संसारातून वेचून काढलेलं एकच वाक्य, आणि तेही हिचंच निघालं. पुरावा हवा होता ना ताईला, तर साक्षीदारच उभा राहिला होता. आता फक्त हो म्हणायचं होतं. पुस्तिकेतली ओळ काय, पडदासुद्धा तिला ओढायला मिळाला असता.

बेल वाजली. कोणीच उठलं नाही; ताईसुद्धा नाही.

"काका," ती मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्हाला काहीतरी भलतंच आठवतंय. थोबाडीत खाल्ली हे खरं. पण मी रडत होते नुसती. असलं काही बोलले नव्हते. वाक्य त्याचं आहे."

"मी तिथे होतो," काका म्हणाले.

"मीही होते."

काका पुटपुटत मागे टेकले. भावजयीने ताईच्या तोंडाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. तिचा विश्वास बसला की नाही, हे ताईला कळलं नाही, आणि भावजयीने ते पुढेही कधी कळू दिलं नाही. मग भावजय उठली, साखळी काढली आणि कोण आहे ते न विचारता दार उघडलं.

खात्याची अधिकारी होती. घाईत होती, खाली गाडी थांबलेली. तिने संमतिपत्र टेबलावर पसरलं आणि कुठे सही करायची ते दाखवलं. पुस्तिका आज छापायला जाते आहे, मजकुरात काही भर घालायची आहे का, असंही विचारलं. मधला ताईकडे बघू लागला. भाचीही.

"काही नाही," ताई म्हणाली.

भावजयीने सही केली. ताईने पर्समध्ये हात घातला आणि पेन काढलं; तिच्या पर्समध्ये दुसरं असणार तरी कुठलं. अधिकारी चाचरत म्हणाली, की माफ करा, पण लाल शाई चालत नाही.

भावजय आत गेली आणि एक जाड काळं पेन घेऊन आली. ताईने ते ओळखलं, छोट्याचं होतं. तिने सही केली, नेहमीपेक्षा जरा सावकाश, आणि पेन बंद करून हातात तसंच धरून बसली.

"ताई," भावजय म्हणाली, "पेन परत द्या हं."

ताईने दिलं.